चोंदलेलं नाक आणि झोपेत थांबणारा श्वास: कोणत्या क्रमाने काय करायचं

रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी अंधारात आकडे मोजत पडले होते. शेजारी नवऱ्याचं घोरणं एकाएकी थांबलं होतं. छाती वर-खाली होत होती, पोट हलत होतं, पण नाकाशी बोट धरलं तर वारा लागत नव्हता. एक, दोन, तीन... सव्विसाव्या आकड्याला जोराचा गचका बसला, बुडणारा माणूस पाण्यावर येऊन घेतो तसा श्वास त्याने घेतला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. त्याला यातलं काहीच कळलं नाही. सकाळी चहा घेताना तो रोजच्यासारखाच म्हणाला, "रात्रभर नाक चोंदलं होतं, झोपच झाली नाही."

या एका वाक्यात आमची चार वर्षं गेली. नाक खरंच चोंदलेलं असायचं. पडदा वाकडा, त्यात बारमाही ॲलर्जी. त्यामुळे दिवसभर पेंगणं, चिडचिड, सकाळचं डोकं दुखणं, सगळ्याचं खापर आम्ही नाकावर फोडलं. पडद्याचं ऑपरेशन झालं, घोरणं निम्म्यावर आलं आणि आम्ही निर्धास्त झालो. झोपेची तपासणी तेव्हा कुणी सुचवली नाही, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. दोन वर्षांनी सिग्नलला गाडी उभी असताना तो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. मागून हॉर्न वाजले तेव्हा जागा झाला. मग तपासणी झाली. तासाला ३४ वेळा श्वास अडत होता.

मी डॉक्टर नाही. या काळात जे वाचलं, तज्ज्ञांना विचारलं आणि घरात करून पाहिलं ते इथे क्रमाने मांडते आहे. क्रमावर माझा भर आहे, कारण आमचा क्रमच चुकला होता. नाक चोंदणं आणि झोपेत श्वास थांबणं हे दोन वेगळे आजार आहेत. ते एकमेकांना वाढवतात, पण एक बरा झाला म्हणून दुसरा जात नाही.

नाकाचा दोष किती, घशाचा किती

शहाळ्यात हल्ली कागदी स्ट्रॉ देतात. ती भिजून मऊ पडली आणि खालच्या टोकाला मलई अडकली, की आपण जितकं जोरात ओढू तितकी ती मधेच चपटी होते. आपली श्वासाची वाट तशीच आहे. नाक हे तिचं हाडाकूर्चेचं टोक. ते आतून सुजेल, पण चपटं होणार नाही. त्यामागचा, मऊ टाळूपासून जिभेच्या मुळापर्यंतचा घसा मात्र बिनहाडाचा. जागेपणी तिथले स्नायू ताणलेले असतात म्हणून वाट उघडी राहते. झोपेत ते सैलावतात. श्वास आत घेताना हवेला जो अडथळा होतो, त्यातला निम्मा किंवा त्याहून जास्त एकट्या नाकात असतो. तो आणखी वाढला, की छातीला जास्त जोर लावून हवा ओढावी लागते आणि मागचा मऊ भाग चिकटतो.

दुसरी गोष्ट तोंडाची. नाक बंद म्हणून झोपेत तोंड उघडतं. तोंड उघडलं की खालचा जबडा मागे सरकतो, जीभ मागे पडते आणि आधीच अरुंद घसा आणखी आवळतो. त्यात आडवं झाल्यावर नाकाच्या अस्तरात रक्त साठतं, म्हणून दिवसा बरं असलेलं नाक रात्री गच्च होतं.

आता स्ट्रॉच्या टोकाची मलई काढली तरी भिजलेला कागद मऊच राहतो. घसा मऊ किंवा अरुंद असण्याची कारणं वेगळी आहेत: मानेभोवतीची चरबी, लहान किंवा मागे असलेला जबडा, मोठे टॉन्सिल, जाड जीभ, वय, कधी थायरॉइड. म्हणूनच नुसत्या नाकाच्या ऑपरेशनने श्वास थांबण्याचा आकडा बहुतेकांत फारसा उतरत नाही. घोरणं कमी होतं, झोप बरी वाटते, आणि आजार आतल्या आत चालू राहतो. आमचं नेमकं हेच झालं.

वैद्यकीय हिशेबात मोठ्या माणसाचा श्वास किमान १० सेकंद थांबला तर ती एक घटना. पूर्ण थांबणं आणि अर्धवट अडणं मिळून तासाला अशा किती घटना होतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. प्रत्येक घटनेला रक्तातला ऑक्सिजन खाली जाऊ शकतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन शरीराला ढोसतो. रात्रभर हे चाललं की औषधांना न जुमानणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, गाडी चालवताना लागणारी डुलकी, असे धोके वाढतात. १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे घसा मिटून झोपेत श्वास थांबणं. आपल्याकडच्या कितीतरी घरांनी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पहिली पायरी: आठवडाभर घरीच नोंद ठेवा

डॉक्टरांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. ज्याला आजार आहे त्याला रात्रीचं काही आठवत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्याची साक्ष सगळ्यात मोलाची. दोन-तीन रात्री मोबाइल उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करा. घोरणं, मग शांतता, मग गचका, हा क्रम ऐकू आला तर ती फीत जपून ठेवा. एकटे राहत असाल तर रेकॉर्डिंगला पर्याय नाही.

वहीत रोज लिहा: सकाळी तोंड कोरडं पडलं होतं का, डोकं दुखत होतं का, लघवीला किती वेळा उठावं लागलं, दुपारी कुठे डुलकी लागली. बायकांमध्ये चित्र अनेकदा वेगळं असतं. घोरणं तितकं मोठं नसतं. झोप लागत नाही, सारखा थकवा असतो, सकाळी डोकं जड असतं. पाळी गेल्यानंतर धोका वाढतो. "वयाचं आहे" म्हणून ते सोडून देऊ नका.

मग आठ प्रश्नांची 'स्टॉप-बँग' यादी भरा. जोरात घोरता का? दिवसा थकवा असतो का? श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? रक्तदाब आहे का? बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ च्या वर आहे का? वय ५० च्या वर आहे का? मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे का? पुरुष आहात का? घेर शिवणकामाच्या टेपने मोजा. तीन-चार 'हो' असतील तर धोका मध्यम, पाच किंवा जास्त असतील तर मोठा. एक लक्षात असू द्या, आपल्या लोकांत हा आजार याहून बऱ्याच कमी वजनातही सापडतो, त्यामुळे बारीक माणसाने वजनाच्या उत्तरावर विसंबू नये. झोपाळूपणा मोजायला एपवर्थ श्रेणी आहे, १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेली. वाचताना, टीव्ही बघताना, बसमध्ये बसल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज १० च्या वर गेली तर तो झोपाळूपणा नेहमीचा नाही.

नाकाचीही घरी दोन मिनिटांत तपासणी होते. स्टीलची थंड ताटली नाकाखाली आडवी धरा आणि तोंड मिटून श्वास सोडा. दोन्ही बाजूंना वाफेचे डाग उमटतील. रोज सकाळ-संध्याकाळ बघा. कधी डावा, कधी उजवा डाग लहान असेल तर घाबरू नका. दोन्ही नाकपुड्या काही तासांनी आलटून पालटून मोकळ्या होतात, ती निसर्गाचीच रीत आहे. आठवडाभर एकच बाजू बंद दिसली तर वाकडा पडदा किंवा पॉलिप, म्हणजे अस्तराचा सुजलेला घोस, असण्याची शक्यता जास्त. मग गालावर दोन बोटं ठेवून गाल हळूच बाहेर, कानाच्या दिशेला ओढा. एकदम मोकळं वाटलं तर नाकपुडीचं तोंडच आत दबत असावं. आणि वासाचं लिहून ठेवा. हिंगाची फोडणी शेजारच्या खोलीतून येते का? वास हळूहळू जाणं हे पॉलिपचं आणि जुन्या सायनसचं महत्त्वाचं लक्षण आहे.

छातीला-नाकाला चोळायचं मलम लावून "मोकळं वाटलं" हे मात्र नोंदीत धरू नका. मेंथॉल थंडपणाची जाणीव देणाऱ्या नसा चेतवतं. हवेचा अडथळा तेवढाच राहतो.

दुसरी पायरी: कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे काय विचारायचं

"नाकाचं हाड वाढलंय" हे आपल्याकडचं ठरलेलं निदान. त्याच्या पोटात तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. मधला पडदा वाकडा असेल तर औषधाने सरळ होत नाही. आतल्या बाजूच्या टर्बिनेट, म्हणजे लोक ज्याला "मांस वाढलंय" म्हणतात, त्या ॲलर्जीने फुगतात आणि स्प्रेने पुष्कळदा उतरतात. पॉलिप हे सुजलेल्या अस्तराचे द्राक्षासारखे फिकट घोस. ते स्प्रेने लहान होतात, कधी काढावे लागतात, आणि काढले तरी परत येऊ शकतात. सायनसची सूज १२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली तर ती जुनी म्हणायची. म्हणून दुर्बिणीने तपासणी करून घ्या आणि स्पष्ट विचारा: "यातलं नेमकं काय आहे? दोन गोष्टी एकत्र आहेत का?"

पॉलिप आणि दमा दोन्ही असतील तर ॲस्पिरिन किंवा तत्सम दुखण्याच्या गोळ्यांनी कधी त्रास झालाय का, तेही सांगा. तिन्ही एकत्र असणारे रुग्ण असतात आणि त्यांना ती गोळी जिवावर बेतू शकते.

एका नाकपुडीतून वारंवार रक्त येणं आणि तीच बाजू कायम बंद असणं, या जोडीला आठवडाभर नोंद ठेवत बसू नका. लगेच दाखवा.

आणि उठण्यापूर्वी हा प्रश्न विचाराच: "झोपेत माझा घसा बंद पडतो का, ते तपासायला हवं का?" वही आणि रेकॉर्डिंग पुढे ठेवा.

तिसरी पायरी: ऑपरेशनआधी झोपेची तपासणी

हा क्रम उलटा झाला की नंतर काही कळत नाही. आधीचा आकडाच नसेल तर ऑपरेशनने काय साधलं हे कसं मोजणार?

तपासणी दोन प्रकारची. पूर्ण तपासणीत प्रयोगशाळेत एक रात्र झोपायचं, डोक्याला, छातीला, पायाला तारा, नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. घरच्या तपासणीत छातीचा पट्टा, नाकाची नळी आणि चिमटा एवढंच. शंका दाट असेल आणि दुसरा मोठा आजार नसेल तर घरची तपासणी पुरते. ती निर्दोष आली आणि लक्षणं मात्र तशीच असतील तर प्रयोगशाळेतली करून घ्या. घरची तपासणी आजार कमी दाखवू शकते. कोविडच्या काळात घेतलेला साधा ऑक्सिमीटर यासाठी चालत नाही, कारण तो रात्रभराची नोंद ठेवत नाही.

नाकाच्या रुग्णांसाठी खास सूचना: त्या रात्री नाक तुमच्या रोजच्यासारखंच असू द्या. एरवी वापरत नसलेले ड्रॉप्स फक्त त्या रात्री घालून जाऊ नका. कडक सर्दी झाली असेल तर तारीख बदला. दारू आणि झोपेची गोळी परस्पर घेऊ नका, आणि रोज काही घेत असाल तर आधी सांगा. नाकाची नळी तोंडाने घेतलेला श्वास नीट टिपत नाही, म्हणून "मी तोंड उघडं ठेवून झोपतो" हे तंत्रज्ञाला सांगून ठेवा.

रिपोर्टमध्ये एएचआयसोबत आणखी दोन ओळी शोधा: ऑक्सिजन सगळ्यात खाली किती गेला, आणि उताणं झोपल्यावर व कुशीवर असताना आकडे किती वेगळे आहेत. कुशीवर आकडा खूप उतरत असेल तर तुमच्या हातात एक फुकटचा उपाय आला.

चौथी पायरी: नाकाला दीड-दोन महिने मनापासून द्या

ही पायरी लोक सगळ्यात घाईत उरकतात. आम्हीही उरकली होती.

सुरुवात बंद करण्यापासून. ऑक्सिमेटॅझोलिन, झायलोमेटॅझोलिन असलेले नाक मोकळं करणारे ड्रॉप्स दोन मिनिटांत जादू करतात, पण तीन ते पाच दिवसांवर गेले की उतरताना नाक आधीपेक्षा जास्त फुगतं. माणूस पुन्हा घालतो. वर्षानुवर्षं उशाखाली बाटली ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या नाकाचा मूळ आजार कधीच मागे पडलेला असतो, उरलेली असते ती ड्रॉप्सची सवय. सोडताना डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइड स्प्रे आधी सुरू करून एका नाकपुडीत बंद करायचे, ती सावरली की दुसरीत. पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच माहीत असलं की धीर सुटत नाही.

नाक धुणं म्हणजे आपली जलनेती. पाणी खळखळ उकळून, किमान एक मिनिट उकळत ठेवून कोमट होऊ द्या. नळाचं, विहिरीचं, फिल्टरचं पाणी न उकळता नाकात घालू नका, याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरलेल्या दोघांचा मेंदूत अमिबा शिरून मृत्यू झाला. केरळातही गेल्या काही वर्षांत अमिबाच्या अशा मेंदूज्वराचे रुग्ण सापडले आहेत. असं पाणी पिऊन हा आजार होत नाही, नाकातून आत गेलं तरच त्याचा धोका. अर्ध्या लिटरला आयोडीन नसलेलं मीठ चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. झोंबलं तर मिठाचा अंदाज चुकलाय. बेसिनवर वाका, डोकं कुशीवर कलतं करा, तोंडाने श्वास घेत राहा आणि वरच्या नाकपुडीत पाणी सोडा, खालच्यातून निघेल. नंतर दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. एक बाजू दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. झोपण्याच्या तासभर आधी धुवा, नाहीतर राहिलेलं पाणी उशीवर येतं.

दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड ही नेहमीची औषधं. ती कोणती आणि किती हे डॉक्टर ठरवतील, मी मारायची रीत सांगते. नवरा सहा महिने स्प्रे मारत होता आणि "उपयोग नाही, उलट रक्त येतं" म्हणत होता. एकदा मी समोर उभी राहून पाहिलं. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत, मान मागे टाकून, नळी सरळ मधल्या पडद्यावर, आणि वर जोराचा फुर्रका. औषध पडद्यावर बसून तिथे जखम करत होतं, उरलेलं घशात उतरत होतं. बरोबर रीत अशी: मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. असं केलं की नळीचं टोक आपोआप पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. दाबताना फुलाचा वास घ्यावा इतकाच श्वास. औषध घशात कडू लागलं तर तुम्ही जोरात ओढलंत. पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागू शकतात, म्हणून चार दिवसांत निकाल लावू नका. रीत बदलल्यावर त्याचं रक्त येणं थांबलं आणि तिसऱ्या आठवड्यात तो तोंड मिटून झोपलेला मी पाहिला.

गोळ्यांबद्दल थोडं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन गुंगी आणतं. नाक कोरडं करणारी औषधं रक्तदाब वाढवू शकतात. ॲलर्जीला आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं माँटेलुकास्ट काही जणांत झोप बिघडवतं, वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी आणतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याच्या वेष्टनावर सगळ्यात ठळक इशारा छापायला लावला. झोपेचाच आजार असलेल्या माणसाने हे डॉक्टरांशी बोलावं. परस्पर बंद करू नये.

घरात आधी गादी-उशी बघा. धुळीतले सूक्ष्म कीटक तिथेच राहतात आणि दमट हवेत फोफावतात, म्हणून कोकणात, मुंबईत पावसाळा सरता सरता नाकं जास्त बिघडतात. अभ्रे आणि चादरी आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, गोधड्यांना कडक ऊन द्या. झोपायच्या खोलीत उदबत्ती आणि मच्छर अगरबत्ती नको. आम्ही मच्छरदाणीवर आलो. पुण्याकडच्या लोकांनी गाजरगवत विसरू नये. १९५०च्या दशकात भारतात ते इथेच पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि त्याचे परागकण कितीतरी नाकांचं मूळ दुखणं आहेत. आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट. उशांचा ढीग केला तर मान मोडते आणि घसा आवळतो. वीट सबंध धड कलतं करते.

पाचवी पायरी: ऑपरेशन करायचं तर कशासाठी

पडदा फार वाकडा असेल, पॉलिप स्प्रेला दाद देत नसतील, तर ऑपरेशनला भिऊ नका. फक्त अपेक्षा नेमकी ठेवा. दिवसाचा श्वास सुधारेल, घोरणं आणि पेंगणं कमी होईल, आणि सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाची हवा देणारं मशीन, लागणार असेल तर ते सोसवेल, दाबही थोडा कमी लागेल. आजार जाईल, अशी अपेक्षा त्याकडून ठेवू नका.

भूलतज्ज्ञांना स्लीप ॲप्निया आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगा आणि रिपोर्ट दाखवा. भुलीची आणि दुखण्याची काही औषधं घसा आणखी सैल करतात. ऑपरेशननंतर नाकात बोळे घालणार असतील तर त्या रात्री ॲप्निया वाढतो, म्हणून "रात्री देखरेखीखाली ठेवाल ना?" हे विचारा. तीन महिन्यांनी झोपेची तपासणी परत करा, घोरणं थांबलं असलं तरीही.

सहावी पायरी: चोंदणाऱ्या नाकाचा माणूस आणि सीपॅप

१९८१ मध्ये सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी एक साधी कल्पना प्रसिद्ध केली: नाकातून सतत किंचित दाबाची हवा सोडली तर घसा आतून फुगलेला राहतो आणि मिटत नाही. आजही मध्यम-तीव्र आजारात यासारखा खात्रीचा उपाय नाही. अडचण इतकीच की हवा नाकातूनच जायची आहे. नाक बिघडलेली माणसं म्हणूनच मशीन पहिल्या महिन्यात कपाटात ठेवतात.

पहिला आठवडा मास्क लावून संध्याकाळी टीव्ही बघा. झोपायची घाई नको, चेहऱ्याला सवय होऊ द्या. मशीन गरम पाण्याच्या ह्युमिडिफायरसहच घ्या. कोरडी हवा लागली की नाक पाणी सोडतं, शिंका येतात, फुगतं. टाकीत डिस्टिल्ड पाणी, रोज बदललेलं. पुण्याच्या डिसेंबरात नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येऊ लागला तेव्हा आम्ही नळीवर जुन्या ओढणीची खोळ शिवली, थांबला.

मास्क निवडताना घाई करू नका. नाक चोंदतं म्हणून नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क सुचवला जातो, पण त्यात दाब जास्त लागतो, गळती जास्त होते आणि लोक तो कमी तास लावतात. शक्य असेल तर चौथ्या पायरीने नाक आधी ताळ्यावर आणून नाकाचाच मास्क घ्या. कडक सर्दीच्या दिवसांसाठी मोठा मास्क हाताशी असावा. मास्क लावल्यावरही तोंड उघडत असेल तर हवा तोंडातून निसटते आणि नाक आणखी कोरडं पडतं. त्यावर हनुवटीचा पट्टा, दाबाची फेरतपासणी हे उपाय आहेत. स्प्रे आणि नाक धुणं मशीनसोबत चालूच ठेवायचं.

मशीनमध्ये नोंद असते. महिन्याने ती डॉक्टरांना दाखवा: रात्री किती तास, गळती किती, उरलेला एएचआय किती. रात्री किमान चार तास हा बहुतेक ठिकाणी मोजला जाणारा किमान पल्ला. झोप सात तासांची असेल तर मशीनही सात तासच हवं. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरवर चालतं का, घेतानाच बघून घ्या.

जबडा पुढे धरणारं दातांचं साधन सौम्य-मध्यम आजारात चालतं, पण नाक फार बंद असेल तर त्याचाही गुण कमी येतो. वजन दहा टक्के उतरलं तर एएचआय सुमारे एक चतुर्थांश कमी होतो असा एका मोठ्या पाहणीचा हिशेब आहे. लठ्ठपणासह मध्यम-तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली, औषध आता भारतातही आहे, पण ते तज्ज्ञांच्या हातानेच.

जे अजिबात करू नका

तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचे व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतात. ज्याचं नाक चोंदतं त्याने हे कधीही करू नये. नाक बंद झालं तर तोंड हीच शेवटची वाट असते, आणि तुम्ही ती झोपेत बंद करून ठेवता.

झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी परस्पर घेऊ नका. रात्रीची दारूही तशीच, दोन्हींनी घसा ढिला पडतो. झोपताना नाकात तेल-तूप सोडायची सवय असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. तेलाचे थेंब झोपेत श्वासनलिकेत उतरत राहिले तर फुप्फुसाला सूज येऊ शकते. नाकावर लावायच्या पट्ट्यांनी हवा थोडी मोकळी होते, घोरणंही कमी होऊ शकतं, पण ॲप्निया जात नाही.

तपासणी होऊन उपचार बसेपर्यंत लांबची गाडी चालवू नका. घरातल्या माणसाने किल्ली काढून घ्यावी. मी घेतली होती, आणि त्यावरून भांडणही झालं होतं.

मुलांचं वेगळं

घोरणारं मूल गोड दिसतं, पण रोज घोरणारं, तोंड उघडं टाकून, मान मागे करून झोपणारं मूल दाखवायलाच हवं. पाच-सहा वर्षांच्या वयात नाकामागचे ॲडेनॉइड आणि टॉन्सिल मोठे असणं हे नेहमीचं कारण. मुलं मोठ्यांसारखी पेंगत नाहीत, उलट चिडतात, एका जागी बसत नाहीत, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्यांच्यात तासाला एकाहून जास्त घटना झाल्या तरी ते गंभीरपणे घेतात. सौम्य असेल तर स्प्रेने भागतं, नाहीतर ॲडेनॉइड-टॉन्सिल काढल्याने बहुतेक मुलं सुधारतात. मोठ्यांसारखी वर्षानुवर्षं वाट बघू नका, चेहऱ्याची आणि दातांची वाढ याच वयात होत असते.

वर्षभराची निगा

आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आता या खुणा असतात. दर महिन्याच्या एक तारखेला मशीनचा फिल्टर. दर रविवारी मास्क आणि नळी साध्या साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवणं. जूनच्या पहिल्या आठवड्यात गाद्यांना शेवटचं ऊन. ऑगस्टपासून, गाजरगवत फुलायच्या दिवसांत, नाक धुणं रोज दोनदा. दिवाळीच्या धुराच्या चार रात्री खिडक्या बंद. वर्षातून एकदा मशीनची नोंद घेऊन तज्ज्ञांकडे, आणि वजन पाच-सात किलोने वर-खाली झालं किंवा घोरणं मास्कमधूनही ऐकू यायला लागलं तर मधेच. या जुलैत गळतीचा आकडा वाढला होता. मास्कची गादी कडक झाली होती, बदलली. त्या रात्री अडीचला मला जाग आली. मशीनचा बारीक सूं आवाज येत होता आणि श्वास एका लयीत चालला होता.